गास्कोनांच्या घरचा चिरलेला ढोल

मित्रांनो, माझ्याकडे बघायचंच असेल तर आधी माझ्या पोटावरची चीर बघा. वरच्या कडेपासून निघून ती पार मधोमध आली आहे. ती वयानं पडलेली नाही, चाकूनं पाडलेली आहे. येणारेजाणारे हळहळतात, एवढा जुना, एवढा देखणा ढोल, कुणी नवं पान का चढवत नाही म्हणतात. त्यांना उत्तर द्यावं म्हणून आज मी बोलायला बसलो आहे. मी स्पेन देशातल्या आरागॉनच्या डोंगरांतला, तोरेसेका गावचा ढोल. तिथल्या गास्कोन घराण्यात मी जन्मलो आणि त्या गावातल्या बहुतेक माणसांहून मी वयानं मोठा आहे.

माझा जन्म रागातून झाला. कोस्मे गास्कोनकडे एक माजलेला बोकड होता. त्यानं एक दिवस कोस्मेच्या बाळंतीण बायकोला शिंगावर घेऊन भिंतीवर आपटलं. ती वाचली, पण बोकड काही वाचला नाही. कोस्मेनं त्याला तिथल्या तिथे आडवा केला, आणि राग तरीही शमेना म्हणून त्याचं कातडं चुन्यात घालून, खरवडून, ताणून माझ्यावर चढवलं. माझं लाकूड वाईनच्या फुटक्या पिंपाचं आहे. अजूनही हवा दमट झाली की माझ्या अंगाला वाईनचा वास सुटतो. म्हणजे माझ्यात एक दारुडा आहे आणि एक भांडखोर आहे. मी गोड बोलावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमच्या गावात गुड फ्रायडेच्या दुपारी तास फोडतात, म्हणजे बाराच्या ठोक्याला सगळे ढोल एकदम वाजवायला घेतात. सगळं गाव जांभळे झगे घालून, ढोल पोटाशी बांधून चर्चसमोरच्या चौकात उभं राहतं. माना खाली, डोळे मिटलेले. कुणी खोकतसुद्धा नाही. येशूनं प्राण सोडला तेव्हा धरणी हादरली होती, तो हादरा आम्ही द्यायचा असतो. मान वर ठेवायची मुभा एकट्या माणसाला, ज्याच्याकडे पहिला ठोका असेल त्याला. त्यानं चौकाच्या दुसऱ्या टोकाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघत राहायचं आणि बारा वाजले की टिपरू उगारायचं. हा पहिला ठोका पिढ्यान्‌पिढ्या गास्कोनांचा, म्हणजे माझा. माझा आवाज झाला की उरलेले सगळे ढोल एकदम तुटून पडतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबत नाहीत. बोटांची सालं निघतात, सांध्यांतून रक्त येतं. ते रक्त पुसायचं नाही, पानावरच वाळू द्यायचं. माझ्या पानावर काळपट डाग दिसतात ना, ते कोस्मेचे आहेत, त्याचा मुलगा लिओन्सिओ याचे आहेत आणि आणखी एका व्यक्तीचे आहेत. तिच्याकडे मी येतोच.

लिओन्सिओ रांगत होता तेव्हा देशात यादवी पेटली. कोस्मेनं मला कडब्याखाली दडवलं. तिथून मी बंदुकांचे आवाज ऐकले. गावातल्या माणसांनी गावातल्याच माणसांना घरातून ओढून नेलं आणि स्मशानाच्या भिंतीशी उभं करून मारलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. कोस्मेचा धाकटा भाऊ तिथेच संपला. मारणाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत होती, पुढे एकाच दुकानात पाव आणायला उभे राहत होते सगळे. हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्या वेळी तोरेसेकात एकही परका माणूस नव्हता.

नंतर गाव ओसरायला लागलं. मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असायचो, त्यामुळे सगळं कानावर यायचं. आज अमक्याचं घर बंद झालं, उद्या तमक्याचं. कुणी बार्सिलोनाला, कुणी सारागोसाला, कुणी थेट जर्मनीला. लिओन्सिओसुद्धा तरुणपणी जर्मनीत गेला, ओतकामाच्या कारखान्यात. काही वर्षांनी परत आला तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. बायकोला, प्रेसेनला, त्यानं सांगितलं की जिन्यावरून पडलो. प्रेसेनची जीभ तिखट. ती म्हणाली, "जिन्याला बुटांचे ठसे असतात होय तिकडे?" त्याच्या बरगडीवर ते ठसे तिनं पाहिले होते. ती पुन्हा विचारायला गेली नाही.

त्यांचा मुलगा सारागोसाला गेला आणि तिथलाच झाला. सुईणीला काम उरलं नाही. शाळेत पोरं इतकी कमी झाली की सरकारनं कुलूप लावायची तयारी केली. तशातच लिओन्सिओचे गुडघे गेले आणि मेंढरांमागे जायला माणूस मिळेना. तेव्हा मोहा आला. मोरोक्कोतल्या डोंगराकडचा मेंढपाळ, उंच, कमी बोलणारा, बरोबर लहानगी लेक इत्तो. तिची आई गावाकडेच वारलेली. इत्तो शाळेत गेली, पावाची भट्टी चालवायला आलेल्या रुमानियन बाईची पोरं गेली, आणि शाळेचं कुलूप टळलं. गावातले म्हातारे त्या पोरांना कुरकुर करत मिठाई द्यायचे.

मोहा लिओन्सिओला चिडवायला 'मालक' म्हणायचा. संध्याकाळी मेंढरं कोंडून तो चुलीशी यायचा. अशाच एका संध्याकाळी लिओन्सिओनं त्याला दातांची खरी गोष्ट सांगितली. नाचाच्या हॉलबाहेर चौघांनी गाठून आडवा केला होता, एका जर्मन पोरीशी नाचला म्हणून.

"मग चांगली नाचली का ती, मालक?" मोहानं विचारलं.

"पायावर पाय देत होती सारखी," लिओन्सिओ म्हणाला. "दोन दातांच्या लायकीची नव्हती."

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भांडी घासत पाठमोरी उभी असलेली प्रेसेन मात्र हसली नाही.

आता मी तुम्हाला पवित्र आठवड्याबद्दल, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्याबद्दल सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. वर्षभर आमच्याकडे म्हातारी माणसं, मेंढरं आणि हे बाहेरून आलेले लोक. आणि मग त्या चार दिवसांत शहरातून गाड्या येतात, बंद घरांच्या खिडक्या उघडतात, गाव सुजल्यासारखं भरतं. गाव सोडून गेलेल्यांची मुलं-नातवंडं जांभळे झगे घालून चौकात उतरतात आणि म्हणतात, आपलं तोरेसेका आता आपलं राहिलं नाही. पाव रुमानियन बाईच्या भट्टीतला खातात, कोकराचं मटण मोहाच्या कळपातलं खातात आणि वर हे म्हणतात. मला त्यांचा राग येतो. पण खरं सांगू, त्यांच्या हातून पडणारा ठोकाही मला हवाहवासा वाटायचा. ढोलाला ढोलांची गर्दी लागते.

मग लिओन्सिओच्या घशात गाठ निघाली. आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटींचं फळ. डॉक्टरांनी घसा कापला, जीव वाचला, आवाज गेला. तो टेबलावर बोटांनी ठोकायचा आणि नुसते ओठ हलवायचा. प्रेसेनला ते कधीच कळलं नाही. ती कातावून म्हणायची, "लग्नाआधी गप्प झाला असतास तर बरं झालं असतं." कळायचं ते इत्तोला. ती आता तरुण पोरगी झाली होती, शहरात नर्सिंग शिकत होती आणि सुट्टी मिळाली की घरी येत होती. ती त्याच्या ओठांकडे बघायची आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं मोठ्यानं म्हणायची, शिव्यांसकट.

त्याच काळात त्यानं मला खुंटीवरून उतरवून तिच्या पोटाशी बांधलं. आधी ती घाबरत मारायची. लिओन्सिओ ओठ हलवायचा आणि ती स्वतःच ते बोलून दाखवायची, "काय थोपटतेस, झोपवायचंय का त्याला." हळूहळू तिचा हात बसला. एक दिवस तिच्या करंगळीच्या सांध्यातून रक्त आलं आणि तिनं सवयीनं फडकं घेतलं. लिओन्सिओनं तिचा हात धरला. रक्त माझ्यावर तसंच वाळलं. प्रेसेन बघत होती. म्हणाली, "झालं. आता हा म्हातारा तुला सोडायचा नाही. माझ्याहून जास्त जीव आहे त्याचा या बोकडावर."

पण पहिला ठोका एका मोरो मेंढक्याच्या पोरीनं द्यायचा, ही गोष्ट चौकाला मानवण्यासारखी नव्हती. मोरो हा मोरोक्कोकडच्या मुसलमानांसाठीचा शब्द आमच्याकडे थुंकल्यासारखा उच्चारतात. ढोलवाल्या मंडळाचा प्रमुख हिलारिओ भला माणूस, पण सगळ्यांना खूश ठेवायला धडपडणारा. त्यानं मध्यममार्ग काढला. यंदाचा पहिला ठोका लिओन्सिओनंच द्यायचा आणि लगेच सगळ्यांसमोर मला इत्तोच्या गळ्यात घालायचं. एकदा गर्दीसमोर झालं की झालं, असा त्याचा हिशेब.

गुरुवारी दुपारी नेस्तोर आला. लिओन्सिओचा एकुलता एक नातू, सारागोसात वाढलेला, रुंद खांद्यांचा, बोलका पोरगा. दरवर्षी यायचा, आजीला उचलून गरगर फिरवायचा. त्यानं बातमी ऐकली होती. आल्या आल्या म्हणाला, "आजी, ढोल खाली काढ. यंदापासून मी वाजवणार."

"आधी हात धू," प्रेसेन म्हणाली. "आणि ढोलाचं आजोबांना विचार."

"काय विचारणार? त्यांना बोलता कुठे येतं?"

"ऐकू येतं त्यांना. तुझं सांग."

लिओन्सिओनं बोट उचललं आणि कोपऱ्यात कांदे चिरणाऱ्या इत्तोकडे दाखवलं. नेस्तोर हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"ही? हिच्या बापाला आपला येशू तरी माहितीय का? आजोबा, हे गास्कोनांचं रक्त आहे माझ्यात. तिच्यात काय आहे?"

इत्तोनं सुरी खाली ठेवली. "रक्त त्या पानावर बघायचं असतं," ती म्हणाली. "तुझं कुठेय ते दाखव."

प्रेसेनला हसू आवरलं नाही. "हा हातमोजे घालून वाजवतो गं, कुठून दिसणार?"

ते बोलणं थट्टेतलं होतं. पण नेस्तोरचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला आणि तो बाहेर पडला. त्या हसण्याचा प्रेसेनला पुढे फार त्रास झाला.

शुक्रवारी चौक गच्च भरला. ढोलाला ढोल चिकटलेला, माणसाला हलायला जागा नाही. लिओन्सिओ चर्चच्या पायरीवर उभा, मी त्याच्या पोटाशी, शेजारी इत्तो मोकळ्या हातांनी उभी. मनोऱ्यावर बारा व्हायला थोडा अवकाश होता. माना खाली गेल्या, डोळे मिटले, सगळीकडे ती आमची शांतता पसरली. फक्त लिओन्सिओची मान वर होती.

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक बोळ चौकात उतरतो. मोहा दरवर्षी तिथेच उभा राहायचा, मेंढरं बुजू नयेत म्हणून त्यांच्या आणि चौकाच्या मधे. त्या दिवशी मेंढरं लांब कोंडून तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. लेकीच्या गळ्यात ढोल पडताना त्याला बघायचं होतं. त्याच्यामागून नेस्तोर आणि त्याचे शहरातले दोन मित्र बोळात शिरताना लिओन्सिओला दिसले. मलाही दिसले. काय बोलणं झालं ते पुढे कोर्टात कळलं. नेस्तोर म्हणाला होता, "पोरीला सांग, ढोल घेऊ नकोस म्हणून." मोहा म्हणाला होता, "ढोल माझा नाही. आजोबांचा आहे, त्यांना सांग."

इतकंच. मग नेस्तोरनं त्याच्या तोंडावर मारलं. मोहा भिंतीवर आदळला. दुसऱ्यानं पोटात गुडघा घातला, तिसऱ्यानं केस धरून त्याचं डोकं दगडी चौथऱ्यावर आपटलं. त्यांच्या हातात टिपरंच होती. चामड्याचं बोंड असलेली ती जड दांडकी, माझ्यासारख्यांना बोलतं करायला बनवलेली. मोहानं ओरडू नये म्हणून एकानं त्याच्या तोंडात जांभळ्या झग्याची बाही कोंबली होती. बोळातली धपधप कुणाच्या कानावर गेलीही असेल, पण ठोका पडेपर्यंत मान वर करायची नसते.

लिओन्सिओचं तोंड उघडलं. ओठ फाकले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज कुठून येणार? त्याच्याकडे आवाज करणारी एकच वस्तू होती. बारा वाजले नव्हते, पण त्यानं टिपरू उगारलं आणि जिवाच्या आकांतानं मला मारलं. त्याच्या त्या एका ठोक्यात सगळं होतं. वर बघा, धावा, माणूस मारताहेत.

मित्रांनो, त्या ठोक्याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो.

चौकातले सगळे ढोल तुटून पडले. डोळे मिटलेलेच, कारण पहिला भर डोळे मिटून द्यायचा असतो. घड्याळाकडे कोण बघणार, गास्कोनांचा ठोका पडला म्हणजे तास फुटला. भिंती थरथरल्या, कबुतरं उडाली. लिओन्सिओ घाबरून आणखी जोरात मारू लागला, टिपरूनं बोळाकडे दाखवू लागला, पुन्हा मारू लागला. शेजारच्या हिलारिओनं डोळे किलकिले करून बघितलं, म्हाताऱ्याला काय भक्तीचा भर आलाय असं त्याला वाटलं आणि तोही चेव येऊन वाजवू लागला. लिओन्सिओची बोटं फुटली. रक्ताचे थेंब माझ्यावर नाचत होते. आणि बोळात मार चालूच होता. आता तर त्यांना कुणी ऐकण्याची भीतीच उरली नव्हती. माझ्या आवाजाच्या आडोशाला ते एका माणसाला मारत होते, आणि त्यांची टिपरं आमच्याच तालावर पडत होती.

इत्तोनं मान वर केली. तिनं लिओन्सिओचे ओठ वाचले. ती पायरीवरून खाली उडी मारून गर्दीत घुसली, पण ढोलांच्या मधून वाट कुठली? ती किंचाळत होती, लोकांचे खांदे ओढत होती, पाठीवर बुक्क्या मारत होती. एका बाईनं डोळे मिटलेलेच ठेवून तिला मायेनं थोपटलं. पोरीचे डोळे भरून आले असतील, असं तिला वाटलं.

लिओन्सिओनं हे पाहिलं. त्यानं टिपरू फेकून दिलं. खिशातून छाटणीचा चाकू काढला, दातांनी उघडला आणि माझ्या कडेपाशी, वर, पान जिथे सगळ्यात ताठ असतं तिथे खुपसला. मग दोन्ही हातांनी खाली ओढला.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. बोकड मरताना त्याला जे झालं असेल तेच. माझ्यातून एक फाटका, घाणेरडा आवाज निघाला आणि मग काहीच निघालं नाही. हिलारिओला पोटाशी चाकू आणि रक्तानं माखलेले हात दिसले. म्हातारा स्वतःला भोसकतोय असं वाटून त्यानं वाजवायचं सोडलं आणि त्याला मिठी मारली. शेजारचे थांबले. त्यांच्या शेजारचे थांबले. पायरीपासून शांतता पसरत गेली, आणि त्या शांततेत बोळातून ठोके ऐकू आले. ते मऊ होते. ढोलावरचे नव्हते.

तेव्हा लोकांनी डोळे उघडले.

मोहा जगला. जबडा दोन ठिकाणी मोडला, डावा डोळा गेला, एका कानात आता नुसतं शीळ घातल्यासारखं वाजतं. नेस्तोरला पकडलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांवर रक्त होतं. कोर्टात विचारलं, मारणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता का. लिओन्सिओनं बोट उचललं आणि आपल्या नातवाकडे दाखवलं. तेच बोट, ज्यानं गुरुवारी इत्तोकडे दाखवलं होतं. लिओन्सिओच्या मुलानं त्या दिवसापासून घरी फोन केला नाही. उन्हाळ्यात कुणीतरी मोहाच्या दोन्ही कुत्र्यांना विष घातलं. कोणी घातलं ते गावाला माहीत असणार. आमच्याकडे असली नावं सगळ्यांना माहीत असतात.

प्रेसेन नवऱ्याशी बोलेना. तो टेबलावर ठोकू लागला की म्हणायची, "ठोकू नकोस. माझ्या पोराच्या पोराला तुरुंगात घातलंस. मला तुझं काही ऐकायचं नाही." पण डोंगरावरच्या झोपडीत मोहाला एकटं ठेवण्यासारखं नव्हतं. त्याची खाट तिनंच स्वयंपाकघरात, चुलीपाशी, माझ्या खुंटीखाली टाकली. त्याचा जबडा तारेनं बांधलेला होता. ती मटणाचं पाणी गाळून आणायची आणि नळी त्याच्या ओठांत धरायची. तो मान फिरवायचा.

"पी," ती म्हणायची. "माझ्याच नातवानं मोडलंय ते. तेवढं तरी भरू दे मला."

एकदा ती नळी धरून बसली असतानाच रडायला लागली. म्हणाली, "मी हसले रे त्याला. हातमोज्यांवरून." मोहाला बोलता येत नव्हतं. लिओन्सिओला बोलता येत नव्हतं. लिओन्सिओनं तिच्या हातातली नळी घेऊन स्वतः धरली. त्या रात्रीपासून तिनं नवऱ्याचं ताट पुन्हा आपल्या शेजारी मांडायला सुरुवात केली. नेस्तोरला भेटायला ती अजूनही दर महिन्याला बसनं जाते, बरोबर बदामाची बिस्किटं घेऊन. तिला त्याबद्दल कुणी बोललेलं चालत नाही.

इत्तो संतापलेली होती. सुट्टीत आली की माझ्याकडे पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "बाबा, मी हा चुलीत घालणार आहे." मोहाच्या तारा तोवर निघाल्या होत्या. तो तोंडाच्या एका बाजूनं म्हणाला, "घाल. पण म्हाताऱ्यानं त्याला माझ्यासाठी फाडलंय, हे ध्यानात ठेवून घाल." तिनं मला उतरवलं, चुलीसमोर ठेवलं, बराच वेळ माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा खुंटीवर टांगलं. मला जगावंसं वाटत होतं का, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

थंडीत लिओन्सिओ गेला. शेवटी त्यानं ओठ हलवले आणि इत्तोनं ते नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं, "आता तू." एवढंच होतं. टिपरू त्यानं तिच्या हातात आधीच दिलं होतं.

वसंतात हिलारिओ कातडं घेऊन आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला.

"इत्तो, मंडळानं नवं पान आणलंय. चांगलं आहे, बोकडाचंच. मी चढवून देतो."

"ठेवा काका. पण चढवू नका. ढोल मी आहे तसाच आणणार आहे."

"अगं, फाटका ढोल वाजणार कसा? पहिला ठोका कुणाला ऐकूच जायचा नाही."

"नाही जाणार."

"मग तास फुटलेला लोकांना कळणार कसा?"

"बघावं लागेल," इत्तो म्हणाली.

हिलारिओनं माझ्याकडे बघितलं, मग खाटेवर बसलेल्या मोहाकडे बघितलं. टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. चौकात मात्र त्यानं सगळ्यांना सांगितलं, यंदा ठोका ऐकू येणार नाही, बघावा लागेल. काही जण ढोल उचलून गावाबाहेर निघून गेले, एका मोरो पोरीच्या फाटक्या ढोलामागे वाजवायला आम्ही आलो नाही म्हणाले. तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळं गोड झालं. सगळं गोड झालेलं नाही.

त्या शुक्रवारी इत्तो पायरीवर उभी राहिली. मी तिच्या पोटाशी होतो. बारा वाजायच्या आधी सवयीनं सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग एकेकाच्या लक्षात आलं. पहिली मान वर केली ती प्रेसेननं. मग हिलारिओनं. मग इथे एक, तिथे एक, अशा सगळ्या. शेकडो वर्षं खाली घातलेल्या माना वर करायला माणसांना किती जड जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं. सगळे इत्तोकडे बघत होते. इत्तो अजून घड्याळाकडे बघत नव्हती. ती मनोऱ्याखालच्या बोळाकडे बघत होती, आणि तिचं बघून सगळा चौक तिकडे बघू लागला. तिथे मोहा उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, एका डोळ्यानं. त्याला कुणाच्या नजरेची सवय नव्हती. तो कानकोंडा झाला, पण हलला नाही.

बारा वाजले. इत्तोनं वर घड्याळ पाहिलं, टिपरू उगारलं आणि माझ्या चिरेवर मारलं. ओलं फडकं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. शेजारच्याला जेमतेम ऐकू गेला असेल. पण सगळ्यांनी हात पाहिला, आणि ढोल तुटून पडले. तिच्या बोटांतून दुपारीच रक्त आलं. ते माझ्यावर आहे. अजूनही दरवर्षी आम्ही तसाच तास फोडतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर एवढं करा. मला उंदरांपासून जपा, दमट भिंतीला टेकवू नका, खुंटी घट्ट आहे का तेवढं अधूनमधून बघा. पण नवं पान चढवू नका. मी पुन्हा घुमायला लागलो की ही माणसं पुन्हा माना खाली घालतील.